तंबिक्कोट्टैचा गणपती



दरवर्षी उत्सवात माझ्याकडे दोन कामे असतात. एक वर्गणी गोळा करणे आणि दुसरे विसर्जनाच्या दिवशी गाडीची व्यवस्था बघणे. यंदा समितीने तिसरे काम गळ्यात घातले, स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याचे. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. मूस, सांडशी आणि तेजाब एवढीच माझी अवजारे. तरी म्हटले, लिहायचेच तर गणपतीवर लिहितो. समितीच्या मंडळींना वाटले, अष्टविनायकाच्या यात्रेचे वर्णन येणार. पण हा गणपती वेगळा आहे. तो आपल्या दुकानांपासून बसने फार लांब नसलेल्या तंबिक्कोट्टै गावचा, हाडामांसाचा. ४ मे १९४९ रोजी इंग्रजांनी त्याला क्वालालंपूरच्या तुरुंगात फाशी दिली. तेव्हा आपला देश स्वतंत्र होऊन पावणेदोन वर्षे झाली होती.

इकडच्या जुन्या माणसांना ‘मलाया गणपती’ म्हटले की लगेच कळते. आपल्या मराठी मंडळींना मात्र हे नाव सहसा ठाऊक नसते. मलाही नव्हते. मला ते कसे कळले, हे आधी सांगतो.

मी १९७९ साली मामांचे बोट धरून विट्याजवळच्या गावातून इकडे आलो. वय चौदा. मिरजेला गाडीत बसलो तेव्हा तमिळ नावाची भाषा आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. खानापूर-आटपाडीकडच्या पोरांचे तेव्हा तसेच होते. पाऊस नाही, शेतात काही नाही, मग कुणी मामा, कुणी चुलता परमुलखातून येणार आणि पोराला भट्टीवर घेऊन जाणार. पट्टुक्कोट्टैत आम्हाला सगळे सेठ म्हणत. हातावर तेजाबाचे डाग पडलेला चौदा वर्षांचा सेठ!

१९८६ साली दुकानावर एक प्रसंग आला. दुसऱ्या गावच्या पोलिसांनी एका चोराला आणले आणि त्याने आमच्या दुकानाकडे बोट दाखवले. त्याने विकलेले सोने आमच्या मुशीत होते. ते चोरीचे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते, पण गलाईच्या धंद्यात ठाऊक असणे-नसणे कोण विचारतो? माल जवळ सापडला की संपले. मला दोन रात्री चौकीत बसवून ठेवले. मामा गावी गेलेले. भाषा येत होती ती गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरती. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचे एक जुने गिऱ्हाईक तिथे आले. पांढरी वेष्टी, हातात छत्री. त्यांना मी तात्ता म्हणत असे. बाजारातल्या आणखी चौघांना घेऊन ते आले, माझ्यासाठी जामीन राहिले आणि मला बाहेर काढले.

आमचे नाते एवढेच, की मलायाहून आणलेल्या जुन्या सोन्याचा टंच ते आमच्याकडे काढून घेत. पुढे मी त्यांना विचारले, की माझ्यासाठी एवढे का केलेत. त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. आपल्या गावच्या एका माणसाची गोष्ट सांगितली. नंतर मी जिथे मिळेल तिथे त्या माणसाविषयी वाचत गेलो, तमिळ वाचायला शिकलो तेही बरेचसे त्यासाठीच. आज जे लिहितो आहे ते त्या वाचनातून आणि तात्तांच्या आठवणींतून.

एस. ए. गणपती यांचा जन्म १९१२ सालचा. तंबिक्कोट्टै तंजावर जिल्ह्यात, पट्टुक्कोट्टै तालुक्यात, समुद्राच्या बाजूला. तंजावर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवीगार भातशेती येते, पण हा भाग कावेरीच्या पाण्याच्या अगदी शेवटच्या टोकाचा. मेट्टूरचे धरण आणि कल्लणैचा नवा कालवा झाला तो १९३४ साली. त्याआधी इकडचा शेतकरी आकाशाकडेच बघायचा. जुन्या भातपट्ट्यातही सुख होते असे नाही. तिथे जमीन मोठ्या मिरासदारांची आणि राबणारा पण्णैयाळ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला सालगडी. त्यामुळे या डेल्टातल्या कितीतरी गावांची वाट नागपट्टिणमच्या बंदराकडे जायची. तिथून पेनांग, पोर्ट स्वेटनहॅम, सिंगापूर. १९२६ पासून ‘राजुला’ नावाची आगबोट त्या मार्गावर होती आणि ती इतकी वर्षे चालली, की इकडच्या घरांतून तिचे नाव एखाद्या नातेवाइकासारखे निघते.

माणसे नेणारा कंगाणी. तो बहुधा त्यांच्याच गावचा, त्यांच्याच भावकीतला. रबराच्या मळ्यावर जायचे, पहाटे अंधारात उठून झाडांचा चीक काढायचा, मळ्यातल्याच चाळीत राहायचे. मजुरीचा काही भाग मळ्यातल्याच ताडीच्या गुत्त्यात परत जायचा. चिनी मजुरापेक्षा आपल्या माणसाला पैसे कमी मिळत. १९४१ साली क्लांग भागातल्या तमिळ मजुरांनी मजुरीसाठी आणि माणसासारख्या वागणुकीसाठी संप केला, तेव्हा सरकारने लष्कर आणले, गोळीबार झाला, माणसे मेली आणि पुढारी नाथन यांना हद्दपार करून हिंदुस्थानात पाठवून दिले. तात्ता त्या वेळी त्याच भागातल्या एका मळ्यावर लहान मुलगा होते.

गणपतीही लहानपणीच, सुमारे दहाव्या वर्षी, सिंगापूरला गेला. शिक्षण तिथेच झाले. आपल्यातली पोरे ज्या वयात भट्टीवर येत, त्याच वयातली ही गोष्ट आहे.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. अजिंक्य म्हणवणाऱ्या साहेबाला हात वर करून चालताना मळ्यावरच्या मजुराने पाहिले. तात्ता म्हणायचे, की त्या दिवसानंतर साहेबाची भीती पुन्हा पहिल्यासारखी बसलीच नाही. जपान्यांनी काही सुख दिले नाही. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी त्यांनी हजारो तमिळ मजूर जंगलात नेले, त्यातले कितीतरी परतलेच नाहीत. पण १९४३ च्या जुलैत नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरात आले आणि मळ्यावरचा मजूर आझाद हिंद सेनेचा शिपाई झाला. गणपतीही त्या सेनेत गेले आणि प्रशिक्षक झाले. ज्या माणसाला कंगाणीपुढे मान वर करायची सवय नव्हती, त्याला ताठ उभे राहायला शिकवणे हे त्यांचे काम. पुढच्या आयुष्यातही त्यांनी हेच काम केले असे मला वाटते.

१९४५ साली जपान हरला आणि सगळ्या साम्राज्यांना आपापली जुनी मालमत्ता परत हवी झाली. डच इंडोनेशियात परतू पाहत होते, फ्रेंच व्हिएतनाममध्ये. त्यांना वाट करून द्यायला इंग्रजांनी सैन्य पाठवले ते बरेचसे हिंदी. १९४५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इंडोनेशियातल्या सुरबायामध्ये जी घनघोर लढाई झाली, तीत मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. आपल्याच सातारा-सांगली-कोल्हापूरकडची पोरे, दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी, स्वातंत्र्य मागणाऱ्या लोकांसमोर उभी केलेली. त्यांचा यात काय दोष? पण मलायातले आपले लोक आणि सुरबायातले आपले लोक एकाच वेळी या भांडणाच्या दोन बाजूंना होते, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

मलायात इंग्रज परत आले तेव्हा तांदूळ मिळत नव्हता आणि मजुरी जुनीच होती. जानेवारी १९४६ मध्ये मोठा सार्वत्रिक संप झाला. जागोजागी मजूर संघटना निघाल्या आणि त्यांतून अखिल मलाया कामगार संघटनांचा महासंघ उभा राहिला. १९४७ साली त्याचे सभासद अडीच लाखांवर होते. चिनी, तमिळ, मलायी अशा सगळ्या मजुरांचा हा महासंघ, आणि त्याचे अध्यक्ष झाले तंबिक्कोट्टैचे एस. ए. गणपती. ‘मुन्नणी’ नावाच्या तमिळ पत्राचेही ते संपादक होते. महासंघामागे मलायाच्या कम्युनिस्ट पक्षाचा हात होता आणि गणपती त्याच विचारांचे होते, हे लपवण्यासारखे नाही. माझ्यासारख्या धंदेवाल्या माणसाला ते सगळे विचार पटतात असेही नाही. पण चिनी आणि तमिळ मजुराला एका मांडवाखाली बसवणे त्या काळी सोपे नव्हते. मळ्याच्या मालकांचा सगळा धंदाच एकाला दुसऱ्याविरुद्ध वापरून कमी मजुरीत काम करून घेण्यावर चाले.

आता इंग्रज हिंदुस्थानातून १९४७ मध्ये गेले आणि मलायातून १९५७ पर्यंत का गेले नाहीत, याचे साधे कारण हिशेबाच्या वहीत आहे. युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाले होते. त्याला अमेरिकन डॉलर हवे होते, आणि त्याच्या सगळ्या वसाहतींत जास्तीत जास्त डॉलर मिळवून देत होते ते मलायाचे रबर आणि कथील. हिंदुस्थान सोडणे त्यांना भाग पडले होते. मलाया त्यांना परवडणारे नव्हते. आणि मलायातले रबर काढत होते ते बरेचसे आपल्या या डेल्टातले हात.

जून १९४८ मध्ये सरकारने कायदा बदलला. ज्याने त्या उद्योगात तीन वर्षे काम केलेले नाही त्याला संघटनेचा पदाधिकारी होता येणार नाही, आणि निरनिराळ्या उद्योगांच्या संघटनांना एकत्र महासंघ करता येणार नाही. महासंघाची नोंदणी नाकारली गेली आणि एका फटक्यात तो बेकायदा ठरला. त्याच आठवड्यात, १६ जूनला, पेराकमधल्या सुंगै सिपुट भागात बंदूकधाऱ्यांनी तीन युरोपियन मळेवाल्यांना ठार केले. ती हत्याच होती, तिला दुसरे नाव नाही. सरकारने आणीबाणी पुकारली, कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि पक्षाचे लोक जंगलात गेले. पुढे बारा वर्षे हे चालले. त्यात दहा हजारांहून जास्त माणसे मेली आणि सुमारे पाच लाख लोकांना घरे सोडायला लावून तारेच्या कुंपणात वसवले. डिसेंबर १९४८ मध्ये सेलांगोरमधल्या बातांग काली येथे ब्रिटिश सैनिकांनी २४ निःशस्त्र गावकऱ्यांना गोळ्या घातल्या. याला युद्ध म्हणायचे नाही, आणीबाणी म्हणायचे, असे ठरले होते. युद्ध म्हटले असते तर लंडनच्या विमा कंपन्यांनी मळ्यांची नुकसानभरपाई नाकारली असती, असे एक कारण सांगितले जाते.

या आणीबाणीच्या नियमांत एक नियम असा होता, की परवान्याशिवाय शस्त्र बाळगताना कुणी सापडला तर शिक्षा एकच, मृत्यू. त्या शस्त्राने काय केले, कुणाला मारले का, हा प्रश्नच नाही. जवळ सापडले की संपले. हे वाचले तेव्हा मला १९८६ मधल्या त्या दोन रात्री आठवल्या.

१ मार्च १९४९ रोजी गणपती सेलांगोरमध्ये रावांगजवळ पकडले गेले. जवळ एक पिस्तूल आणि सहा गोळ्या सापडल्या. मार्चच्या मध्यावर क्वालालंपूरला खटला चालला आणि फाशीची शिक्षा झाली. त्यांनी कुणाचा खून केला असा आरोप नव्हता.

बातमी इकडे पोचली आणि तमिळनाडू हलला. दिल्लीनेही हालचाल केली. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ते १९४९ साल. आपल्या देशातही कम्युनिस्ट पक्षाने तेव्हा सशस्त्र उठावाचे धोरण धरले होते, पक्षाचे सरचिटणीस होते आपले मराठी बी. टी. रणदिवे, आणि नेहरूंचे सरकार कम्युनिस्टांना तुरुंगात टाकत होते. मद्रास प्रांतातही धरपकड चालू होती. त्याच नेहरूंच्या सरकारने मलायातल्या या कम्युनिस्ट पुढाऱ्याचे प्राण वाचवावेत म्हणून ब्रिटिश सरकारकडे रदबदली केली. लंडनमध्ये आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन प्रयत्न करत होते. मलायात भारताचे प्रतिनिधी होते जॉन थिवी. हे थिवी स्वतः नेताजींच्या आझाद हिंद सरकारात होते. एकाच सेनेच्या छायेत वावरलेले दोघे. एक स्वतंत्र देशाचा वकील म्हणून सरकारी दारे ठोठावत होता आणि दुसरा पुडू तुरुंगाच्या कोठडीत होता.

नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिलच्या अखेरीस, नेहरू राष्ट्रकुलाच्या बैठकीला लंडनला होते. भारत प्रजासत्ताक होणार, तरी राष्ट्रकुलात राहणार, असे तिथे ठरले. ब्रिटनच्या मनासारखेच झाले. मैत्रीचा एवढा मोठा करार झाल्यावर एका माणसाचा जीव तरी मागून मिळेल, असे कुणालाही वाटले असते. अपील फेटाळले गेले, दयेचा अर्जही फेटाळला गेला. ३ मे रोजी गणपतींचे महासंघातले सहकारी वीरसेनन सुरक्षा दलाच्या गोळीबारात मारले गेले. दुसऱ्या दिवशी, ४ मेला, पुडू तुरुंगात गणपतींना फाशी दिली. पकडल्यापासून अवघे दोन महिने आणि तीन दिवस झाले होते. वय सदतीसच्या आसपास.

घाई किती होती, हे दुसऱ्या एका खटल्यावरून कळते. संबशिवम नावाचा आणखी एक तमिळ कामगार कार्यकर्ता अशाच शस्त्राच्या आरोपात फाशीची शिक्षा घेऊन बसला होता. त्याचे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले आणि १९५० साली तिथल्या न्यायमूर्तींनी त्याची शिक्षा रद्द केली. खटल्यात चूक झाली होती. तोच कायदा, तोच देश. फरक एवढाच की त्याला वेळ मिळाला. गणपती दोषी होते की नव्हते, यावर पंडित वाद घालोत. तेवढा वेळ त्यांना मिळायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्या मद्रास इलाख्यात निषेधाच्या सभा झाल्या. याच डेल्टातल्या तिरुक्कुवळैचे तरुण करुणानिधी, पुढे मुख्यमंत्री झाले ते, त्यांनीही गणपतींवर लिहिले. मलाया ३१ ऑगस्ट १९५७ रोजी स्वतंत्र झाला. आणीबाणी उठली ती १९६० साली, तोवर दोनशेहून जास्त माणसे फासावर गेली होती. पुडूचा तुरुंग आता पाडला आहे. त्या जागी मोठे व्यापारी संकुल झाले असून फक्त जुनी वेस राखली आहे.

तात्ता पन्नासच्या दशकात परत आले. साठवलेले पवन कमरेला बांधून. त्यांनी गणपतींना एकदाच, एका सभेत, लांबून पाहिले होते. ते म्हणायचे, की आम्ही सगळे रेडिओवर दिल्लीच्या स्वातंत्र्याची बातमी ऐकून नाचलो, पण ते स्वातंत्र्य समुद्र ओलांडून आमच्या चाळीपर्यंत काही आले नाही. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाच्या वाट्याला गावचे दुःख उशिरा कळते आणि गावाला त्याचे दुःख त्याहून उशिरा. गणपतींसाठी बोलणारे फार मोठे लोक होते, पंतप्रधान होते, पण सगळे दूर होते. त्या तुरुंगाच्या दारात वेळेवर पोचून थांबा असे सांगू शकणारे कुणी नव्हते. म्हणून परमुलखातला कुणी पोरगा पकडला गेला की आपण निदान दारात जाऊन उभे राहायचे, असे त्यांनी ठरवले होते. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले.

तात्ता जाऊन बरीच वर्षे झाली. नोव्हेंबर २०१८ च्या गजा वादळात या पट्ट्यातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या, त्यात त्यांच्या बागेतली झाडेही गेली. मदतीचे तांदूळ आणि ताडपत्र्या घेऊन आपल्या समितीची गाडी तंबिक्कोट्टैला गेली होती, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गाडी तिकडेच न्यायची असा हट्ट मी का धरला, हे तेव्हा कुणाला सांगितले नव्हते. आज सांगितले.

जाता जाता एक विनंती. आपल्यात गलाईवाले आहेत, बँकेतले आहेत, तेलविहिरींवरचे इंजिनिअर आहेत, आणि तीनशे वर्षांपूर्वी आलेल्या तंजावरी मराठी घरांतलेही आहेत. आपल्यातला कुणीही, मग तो नवा पोरगा असो, ओळखीचा असो वा नसो, अडचणीत सापडला असे कळले तर दोन माणसांनी त्याच रात्री तिथे जायचे. तो निर्दोष आहे का, हे नंतर कोर्ट ठरवील. त्याला वेळ मिळवून देणे आपल्या हातात आहे. समितीने हा नियम यंदाच्या सभेत मांडावा. वर्गणी मी गोळा करतोच आहे, त्या रात्रीच्या गाडीची व्यवस्थाही मीच बघीन.

गणपती बाप्पा मोरया!